यादीतली सातवी ओळ

“बाई, एवढी यादी इंग्रजीत करून द्या. दोनला जीप निघायलीय.”

हवालदार बिराजदारांनी चौघडी घातलेले दोन कागद माझ्या टेबलावर ठेवले आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर पंजा दाबून धरला. एप्रिल महिना होता, साल शहाऐंशी. निवळीच्या कोर्टाच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली आम्ही तिघं टायपिस्ट बसायचो. इतर दोघांकडे फक्त मराठी मशीन होतं. माझ्याकडे मराठीही होतं आणि इंग्रजीही, त्यामुळे पलीकडं पाठवायचे कागद माझ्याकडे यायचे. पलीकडं म्हणजे कर्नाटकात. निवळीपासून हद्द बावीस किलोमीटर. तिकडच्या ठाण्यात मराठी वाचणारं कुणी नाही, इकडच्या ठाण्यात कानडी वाचणारं कुणी नाही, म्हणून दोघांचा पत्रव्यवहार इंग्रजीत चाले. ती दोघांनाही धड येत नसे.

“ठाण्याचं मशीन काय झालं?” मी विचारलं.

“मशीन हाय. चालवणारा बदलून गेला. साहेब मनले, स्वामीबाईकडून करून आणा, पण बोभाटा नको. सरकारी कागद हाय.”

यादीत अकरा ओळी होत्या. पलीकडं एका पेट्रोल पंपावर दरोडा पडला होता, चौकीदार मेला होता. तिकडच्या पोलिसांना इकडच्या माळावरच्या वस्तीचा संशय होता, म्हणून त्यांनी नावं मागवली होती. बिराजदारांनी ती जुन्या रजिस्टरातून उतरवून आणली होती. त्या रजिस्टरात वस्तीतल्या प्रत्येक पुरुषाचं नाव असे. का, ते कुणी विचारत नसे. मीही विचारलं नाही.

“हे उर्फ उर्फ लिहिलंय, ते गोल ए-नं करा,” बिराजदार म्हणाले. “जिल्ह्याच्या कागदात तसंच असतंय.”

“माहीत आहे मला.”

मला खरंच माहीत होतं. टायपिंगच्या क्लासला मुळेसर @ या चिन्हाला ‘दराचं चिन्ह’ म्हणायचे. बारा पोती, दराचं चिन्ह, साठ रुपये. आम्ही मुली त्याला जिलबी म्हणायचो. पुढं कोर्टात बसायला लागल्यावर कळलं, पोलिसांच्या कागदात हीच जिलबी माणसाच्या दोन नावांच्या मध्ये बसते आणि तिचा अर्थ होतो उर्फ. मराठी मशीनवर ती कळच नव्हती. तिथं ‘उर्फ’ असा अख्खा शब्द टाईप करावा लागायचा.

त्या दिवशी सकाळपासून मी एका कंत्राटदाराचं सिमेंट, खडी आणि सळयांचं दरपत्रक करत होते. प्रत्येक ओळीत ते चिन्ह. ते बाजूला ठेवून यादी घेतली. गोविंद उर्फ गोव्या. मारुती उर्फ माऱ्या. दशरथ उर्फ दश्या. बिराजदार शेजारच्या टपरीवर चहा पीत उभे होते आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ दाखवत होते. कागद मशीनमधून काढला तेव्हा पावणेदोन झाले होते.

“एकदा ताडून बघू या,” मी म्हणाले.

“ताडायचं काय त्यात? नावंच हायत.” त्यांनी कागद घेतला आणि ते निघून गेले. त्यांची हातानं लिहिलेली यादी माझ्याच टेबलावर राहिली. ती आणि कार्बनची प्रत मी ड्रॉवरमध्ये टाकली.

आठव्या दिवशी दुपारी एक बाई शेडखाली आली. कडेवर सव्वा वर्षाची मुलगी, हातात पिशवी. आधी ती कडेच्या दोघांकडे गेली, त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“तुमी इंग्रजीत लिवता का, बाई?”

“लिहिते. काय काम आहे?”

“माज्या मालकाला पलीकडचे पोलीस घेऊन गेले. शनिवारी. तेंच्या सायबाला अर्ज द्यायचाय.”

तिचं नाव शेवंता. नवऱ्याचं नाव विचारलं तर ती मान खाली घालून थांबली, मग मुलीकडे बघत म्हणाली, “हिच्या बापाचं नाव लिंबाजी. लिंबाजी तुकाराम काळे. पाट्याला टाकी लावतेत.”

मी त्याला ओळखत होते. वर्षातून दोनदा तो आमच्या गल्लीत यायचा. आमच्या घरचा पाटा त्यानंच घडवला होता. ठेंगणा, कमी बोलणारा माणूस. टाकी लावताना दगडाचे कण डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून तो डोळे इतके बारीक करायचा, की माझी आई म्हणायची, हा झोपेतच काम करतो.

“कशाबद्दल नेलं?”

“दरोडा म्हनतेत. आन् बाई, तेंला बारक्या म्हनून न्हेलं. गाडीतून उतरले, कागद काडला, ‘बारक्या कोन’ मनले. सगळी गप. मग ‘लिंबाजी कोन’ मनले. हे पुडं झाले. तर मनले, हाच बारक्या.”

“मग बारक्या कोण?”

“दीर माजा. धाकला. दोन वर्सं झाली मरून. हगवन लागली अन् दोन दिवसात गेला. माळावरच पुरलंय तेला.” तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. “बारक्या वाईट संगतीत होता, ते खोटं बोलत न्हाई मी. पन मेलेल्या मानसाच्या नावानं जित्याला कसं न्हेतेत?”

“दाखला आहे का मेल्याचा?”

“आमच्यात कोन काडतंय दाखला.”

मी कागद घेण्यासाठी ड्रॉवर उघडला. वरच ती यादी पडली होती. का कोण जाणे, मी ती उलगडली. बिराजदारांच्या अक्षरात सातवी ओळ होती: लिंबाजी व बारक्या, बाप तुकाराम काळे, राहणार माळवस्ती. दोघं भाऊ, म्हणून एकाच ओळीत घेतलेले. मग कार्बनची प्रत बघितली. पहिल्या सहा ओळींमध्ये उर्फची जिलबी होती. सातव्या ओळीतही तीच होती. लिंबाजी @ बारक्या.

‘व’ मला दिसलाच नव्हता. हात सहा वेळा ज्या कळेवर गेला होता, त्याच कळेवर सातव्यांदा गेला होता. मराठीत ‘व’ आणि ‘उर्फ’ यांची गल्लत होणं शक्य नाही. इंग्रजीत दोन माणसांचा एक माणूस करायला बोटाची एक टिचकी पुरली.

“काय झालं, बाई?” शेवंतानं विचारलं.

“काही नाही. तू उद्या ये. आज मशीनची रिबन संपलीय.”

रिबन संपली नव्हती.

ती गेल्यावर मी दोन्ही कागद पदराआड धरून ठाण्यात गेले. बिराजदार मागच्या खोलीत फायली बांधत होते. मी ती ओळ दाखवली. त्यांनी आधी आपलं अक्षर बघितलं, मग माझं टायपिंग. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“अरारारा,” ते हळूच म्हणाले.

“दुरुस्तीचं पत्र पाठवा. मी आत्ता टाईप करून देते. ही चूक माझी आहे.”

“तुमची हाय, ते बरोबर. पन सही सायबांची हाय, बाई. आन् यादी बाहेरच्या मानसाकडून करून घेतली, हे वर कळलं तर? मी तर जाईनच. तुमची बसायची परवानगी दरसाल कोन देतं? हितूनच ‘हरकत नाही’ जातंय ना?”

“पण तो माणूस निर्दोष आहे, बिराजदारदादा.”

“आसल.” त्यांनी दार लोटून घेतलं. “तिकडं कोर्ट हाय, वकील हाय. ओळख परेड होईल. पंपावरच्या लोकांनी बघितलेलं असणार ना कोन होतं ते? ते सांगतील, हा न्हवं. महिन्याभरात सुटून येईल. कशाला आपन मधे पडायचं?”

बिराजदार वाईट माणूस नव्हते. त्यांना तीन मुली होत्या आणि निवृत्तीला चार वर्षं उरली होती. ते जे म्हणत होते त्यावर त्यांचाही विश्वास बसावा असं त्यांना वाटत होतं, आणि मलाही वाटत होतं. माझ्या घरी आई अंथरुणाला खिळलेली, भाऊ कॉलेजात. शेडखालची ती चार फूट जागा हेच आमचं घर चालवत होतं.

“आनि ती यादी ठेवून जा,” ते म्हणाले. “ठाण्याचा कागद हाय.”

मी यादी त्यांच्या हातात दिली. त्यांनी कार्बनची प्रत मागितली, तीही दिली. त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून फाडले, एकदा उभे, एकदा आडवे.

दुसऱ्या दिवशी शेवंता आली. मी तिचा अर्ज चांगल्या इंग्रजीत लिहिला. त्यात लिहिलं की लिंबाजी आणि बारक्या हे दोन वेगळे भाऊ आहेत, पैकी बारक्या मयत आहे आणि नावात काही तरी चूक झालेली दिसते. ‘काही तरी चूक’ हे शब्द टाईप करताना मी थांबले होते. कुणाची चूक, ते लिहिलं नाही. पैसे घेतले नाहीत, तर ती माझ्या पाया पडायला वाकली. मी खुर्चीसकट मागे सरकले.

अर्जाचं उत्तर आलं नाही. जूनमध्ये ती पुन्हा आली. मुलगी आता चालत होती.

“बाई, तारीख हाय म्हनं सोमवारी. मी एकदा जाऊन आले. तितं सगळं कानडीत बोलतेत, मला काय बी कळंना. ह्येंना बी कळंना. जज्जसायब काय तरी इचारतेत, हे ‘बारक्या माजा भाऊ, बारक्या माजा भाऊ’ म्हनतेत, तर ते बारक्या एवडंच ऐकून लिवून घेतेत.” ती माझ्या टेबलाची कड धरून उभी होती. “तुमाला कानडी येतं ना? मला चहावाल्यानं सांगितलं. तुमचं आजोळ तिकडलं. सोमवारी चला ना माज्यासंगं. एक डाव सांगा त्या सायबाला. तुमी शिकलेल्या, तुमचं ऐकतील.”

मला कानडी चांगलं येत होतं. सोमवारी काही विशेष कामही नव्हतं. बसनं सव्वा तासाचा रस्ता.

“आई आजारी आहे ग माझी,” मी म्हणाले. “तिला टाकून कसं येऊ?”

आई आजारी होतीच. पण शेजारच्या काकू तिच्याजवळ बसल्या असत्या, याआधी कितीदा बसल्या होत्या. मला भीती होती ती वेगळीच. तिथं उभी राहिले असते, तर पहिलाच प्रश्न आला असता, बाई, तुम्हाला हे कसं माहीत?

शेवंतानं मान हलवली. “बराबर हाय,” म्हणाली. “आई सोडून कसं येनार.”

ती परत कधी आली नाही. पुढच्या वर्षी चहाच्या टपरीवर कळलं, परेडीत एकानं लिंबाजीकडे बोट दाखवलं आणि त्याला दहा वर्षं झाली. बिराजदार तिथंच उभे होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. त्यानंतर ते माझ्या टेबलाकडे कधी फिरकले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी बदली मागून घेतली.

मी तिथंच राहिले. आई गेली. भावाला नोकरी लागली, लग्न झालं. मी लग्न केलं नाही, त्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही. इंग्रजी काम येत राहिलं, दरपत्रकं, प्रतिज्ञापत्रं, नोटिसा. तेवढी एक कळ मात्र मी कधी वापरली नाही. दर लिहायचा असेल तर अक्षरात लिहायचे, उर्फ असेल तर ‘एलियस’ असं पूर्ण टाईप करायचे. वकील हसायचे, म्हणायचे, बाईंना वेळ फार.

आता तर ते चिन्ह लहान पोरांच्याही तोंडी आहे. भावाची मुलगी इटलीत असते. ती सांगत होती, तिकडं त्याला गोगलगाय म्हणतात, तिची पोलंडची मैत्रीण माकड म्हणते, रशियातली माणसं कुत्रं म्हणतात. आणि आपण अजून ‘ॲट द रेट’च म्हणतो, म्हणून ती खूप हसली. “तू काय म्हणायचीस, आत्या?” तिनं विचारलं. मी जिलबी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

त्र्याण्णव सालच्या डिसेंबरात, सकाळी शेड उघडून मशीनवरचं कापड काढत होते, तर समोरच्या बाकावर एक म्हातारा बसलेला दिसला. अंगावर जुनं जर्किन, डोक्यावर मफलर. मी विचारायच्या आधीच तो उठून पुढं आला. जवळ आल्यावर कळलं, म्हातारा नव्हता. पंचेचाळिशीचा असेल.

“प्रतिज्ञापत्र करायचंय, बाई. रेशन हाफिसात मागितलंय.”

त्यानं पिशवीतून दोन कागद काढले. एक जुनं रेशनकार्ड, घड्यांवर फाटलेलं. त्यावर नाव होतं लिंबाजी तुकाराम काळे. दुसरा तुरुंगातून सुटल्याचा दाखला. इंग्रजीत. त्यावर नाव होतं लिंबाजी @ बारक्या.

“चालीनं चांगला वागलो म्हनून तीन वर्सं कमी झाली,” तो म्हणाला. “आता नवं कार्ड करायचंय. तो साहेब म्हनतोय, दोन कागदावर दोन नावं हायत. ही दोनी नावं एकाच मानसाची हायत असं लिवून आना, मग कार्ड देतो.”

मी खाली बसले. त्यानं मला ओळखलं नव्हतं. त्याच्या लेखी मी एक टायपिस्टबाई होते.

“शेवंता कशी आहे?” मी विचारलं.

त्यानं चमकून बघितलं. “तुमी वळखत होता तिला?”

“अर्ज लिहून दिला होता तिला.”

“हां. मग त्या तुमीच. सांगत होती ती, भेटायला आली तवा. एका बाईनं पैसं न घेता लिवून दिलं म्हनून.” तो बाकावर टेकला. “गेली ती. तिसऱ्या वर्सी. ऊसतोडीला गेलती, तितंच ताप आला. पोरगी मामाकडं हाय. तिला आनायचीय. कार्ड झालं म्हंजे आनतो.”

मग मी त्याला सांगितलं. सगळं, सुरुवातीपासून. यादी, दरपत्रक, सातवी ओळ, बिराजदार, फाडलेले कागद. कानडीचंही सांगितलं. आईच्या आजाराचं सांगताना, तिच्याजवळ बसायला काकू होत्या, हेही सांगितलं. शेजारचे दोघं टायपिस्ट अजून आले नव्हते. लिंबाजी खाली बघत ऐकत होता.

“बारक्याचं नाव यादीत कामून होतं?” त्यानं विचारलं. “तो तर मेलता.”

“रजिस्टर जुनं होतं. कुणी खोडलं नव्हतं.”

“हां.” त्यानं मफलर सोडला आणि पुन्हा गुंडाळला. “आत मला समदे बारक्याच म्हनायचे, बाई. शिपाई, कैदी, समदे. पयल्या पयल्यांदा हाक आली की मी मागं वळून बगायचो. वाटायचं, तो आला का काय.”

मला रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडायचा मला हक्क नव्हता. मी म्हणाले, “लिंबाजी, मी लिहून देते. माझ्या सहीनं. चूक माझी होती, तू वेगळा, बारक्या वेगळा. वकील माझ्या ओळखीचे आहेत, खर्च मी करते. वरच्या कोर्टात जाऊ. तुझं नाव स्वच्छ करून घेऊ.”

“किती दिस लागतील?”

मला खोटं बोलायचं नव्हतं. “चार-पाच वर्षं. जास्तही लागतील.”

“आन् तवर कार्ड?”

मी त्याच्या जुन्या रेशनकार्डाच्या घड्या सरळ करू लागले.

“पोरगी नऊ वर्साची झाली,” तो म्हणाला. “मामा आता ठेवून घ्यायला तयार न्हाई. तुमी तो साहेब मागतोय तेवडं लिवा, बाई. आजच मिळंल का? मला रोज रोज यायला जमायचं न्हाई.”

मी मराठी मशीन पुढं ओढलं, त्यात कागद घातला. दोनदा अक्षरं चुकली, दोनदा कागद बदलला. तो शांतपणे बाकावर बसून होता. शेड भरू लागली होती. कोर्टाची घंटा झाली.

टाईप झाल्यावर नियमाप्रमाणे वाचून दाखवावं लागतं. मी वाचलं, “मी, लिंबाजी उर्फ बारक्या तुकाराम काळे, राहणार माळवस्ती, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, लिंबाजी आणि बारक्या ही दोन्ही नावे माझीच असून ती एकाच व्यक्तीची आहेत.”

“बराबर हाय,” तो म्हणाला.

खाली एक ओळ राहिली होती. ती प्रत्येक प्रतिज्ञापत्रात असते, मी हजारो वेळा टाईप केली असेल. मी कशीबशी वाचली. “वरील मजकूर खोटा आढळल्यास मी कायद्याने शिक्षेस पात्र राहीन.”

लिंबाजीनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

“शिक्षा भोगून झाली, बाई,” तो म्हणाला आणि शाईच्या पॅडसाठी त्यानं अंगठा पुढं केला.